परगावी वाढलेले पान : देऊळघाट ते मुंबई

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारावर, पैनगंगेच्या उगमाकडील भागात वसलेले असून अकबरकालीन वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांमध्येही त्याचे नाव आढळते. या जिल्ह्यातील लोक आपल्या प्रदेशाचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग मानतात. घाटाखाली पूर्णेचे कपाशीचे खोरे आणि त्यातून जाणारा लोहमार्ग आहे, तर घाटावर ज्वारी पिकवणारे, तुलनेने थंड हवेचे पठार आहे आणि देऊळघाट त्यातलेच. अशा गावातला माणूस कोर्टाच्या, कापसाच्या, सरकारी कागदाच्या किंवा दुखण्याच्या निमित्ताने एक-दोन दिवसांसाठी मोठ्या शहरात गेला, तर तो तेथे जेवत कोठे होता, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु राज्यकारभाराची बदलती केंद्रे, व्यापाराच्या वाटा, सोवळ्याओवळ्याचे नियम आणि अन्नदानाची परंपरा या सगळ्यांचे धागे त्या एका ताटात गुंतलेले असतात. शहरात ज्याचे घर आहे त्याच्या खाण्यापिण्याविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. ज्याला तेथे घर नाही, गणगोत नाही आणि रात्रीच्या गाडीने परतायचे आहे, त्याच्या जेवणाचा इतिहास मात्र इतर विषयांच्या कडेने, तुकड्यातुकड्यांनी शोधावा लागतो. तो जुळवून पाहिला म्हणजे असे दिसते की, परगावच्या माणसाने काय खावे हे ठरण्याच्या आधी त्याला कोणाच्या पंक्तीला बसू दिले जाईल हे ठरत असे, आणि सर्वांना सारखी बसायला मिळणारी जागा शहरात फार उशिरा, फार वेगवेगळ्या लोकांच्या प्रयत्नांतून निर्माण झाली.

मोगल काळात देऊळघाटच्या माणसाचे ‘मोठे शहर’ मुंबई नव्हते. उत्तरेला तापीकाठचे बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे ठाणे आणि दख्खनच्या कारभाराचे केंद्र होते. नैऋत्येला मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले आणि दख्खनची राजधानी बनले. या शहरांत परक्या माणसाची सोय सराईत होत असे. सराई म्हणजे मधले मोकळे पटांगण आणि त्याच्या चारही बाजूंना ओवऱ्या अशी प्रवाशांची वास्तू. बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात बांधलेली अकबरी सराई आजही पाहता येते. सराईत भटियारे आणि भटियारिणी, म्हणजे प्रवाशांना पैसे घेऊन स्वयंपाक करून देणारी कुटुंबे, राहत असत, आणि मुसलमान प्रवाशाची भाकरी-सालनाची गरज तेथे भागत असे. हिंदू प्रवाशांपैकी बहुतेकांना भटियाऱ्याच्या हातचे चालत नसल्यामुळे ते शिधा विकत घेत, ओवरीच्या पुढे तीन दगड मांडून स्वतः रांधत, किंवा एखाद्या देवस्थानाच्या अन्नछत्राचा आसरा घेत. अन्नछत्र म्हणजे एखाद्या धनिकाने अथवा संस्थानाने नेमून दिलेल्या उत्पन्नातून चालणारे विनामूल्य जेवण. परंतु तेथेही पंक्ती जातवार मांडल्या जात आणि काहींना पंक्तीत जागाच नसे.

त्यामुळे प्रवासी माणसाचे खरे अन्न त्याच्या खांद्यावरच असे. शिदोरी, म्हणजे फडक्यात बांधून घेतलेले वाटेचे जेवण, ही वऱ्हाडातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या विचारपूर्वक घडवलेली गोष्ट आहे. ज्वारीची भाकर दुसऱ्या दिवशी कोरडी पडते, पण तेल आणि मसाला घालून थापलेले धपाटे दोन दिवस मऊ राहते. जवसाची, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी उन्हातही विटत नाही, आणि लोणच्याची फोड भाजीची उणीव भरून काढते. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली दशमी प्रवासात विशेष मानाची ठरली, कारण पाण्यात शिजवलेल्या अन्नाला जो विटाळ लागतो तो दुधात भिजवलेल्या अन्नाला लागत नाही, अशी सोवळे पाळणाऱ्यांची समजूत होती. म्हणजेच टिकाऊपणा आणि धर्मशास्त्र या दोन्ही गरजा एकाच पदार्थाने भागवल्या. शिदोरी हे गरिबाचे नाइलाजाचे अन्न होते असे मानणे चुकीचे आहे. परक्याच्या चुलीवर आणि परक्याच्या मर्जीवर अवलंबून न राहण्याचे ते साधन होते, आणि श्रीमंत घरांतूनही ती तितक्याच काळजीने बांधली जाई.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पुढच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून वऱ्हाडात शिरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. या मार्गावरचे मलकापूर हे बुलढाण्याच्या लोकांचे स्टेशन ठरले. देऊळघाटहून बुलढाणा, तेथून राजूरचा घाट उतरून मोताळा आणि मग मलकापूर हा बैलगाडीचा प्रवास पुरता दमवणारा होता, पण मलकापुरात गाडीत बसल्यावर सुमारे ५०० किलोमीटरवरची मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. अंतर कमी झाले तरी पंक्ती सुटली नाही. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था असे, मोठ्या स्टेशनांवर हिंदू आणि मुसलमान उपाहारगृहे वेगळी असत आणि युरोपियनांचे भोजनगृह त्यांहून निराळे असे. ज्या डब्यात सर्व जातींचे लोक खांद्याला खांदा लावून बसत, त्याच डब्यातून उतरून पाणी मात्र वेगवेगळ्या हातांनी पीत. अनेक प्रवासी हे सारे टाळून शिदोरीच उघडत, आणि कोठे न्यायची म्हणून नव्हे तर रेल्वेत खायची म्हणून शिदोरी बांधण्याची रीत येथून पक्की झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातून मुंबईला नियमाने जाणारा माणूस मुख्यतः कापसाचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदी कापसाला अचानक भाव आला, खामगावचा कापूस बाजार भरभराटीला आला आणि १८७० मध्ये खामगावला जलंबहून लोहमार्गाचा फाटाही मिळाला. मुंबईच्या अडत्याकडे, म्हणजे दलाली घेऊन दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्या व्यापाऱ्याकडे, ज्याचा माल जाई त्याच्या जेवणाची चिंता अडत्याच करी. काळबादेवी आणि मुंबादेवीच्या परिसरातील पेढ्यांवर बाहेरगावच्या व्यापाऱ्यासाठी गादी, लोटा आणि दोन वेळचे ताट हा व्यवहाराचाच भाग होता, आणि मारवाडी व्यापाऱ्यांचे ‘बासे’, म्हणजे महिन्याच्या किंवा ताटाच्या हिशेबाने चालणारी सामाईक भोजनगृहे, याच गल्ल्यांत चालत. ज्याच्या मालाला पेढी होती त्याला ताट होते. ज्याने तो कापूस वेचला आणि गाडीत भरला, त्याला या ताटापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. सी. पी. टँकजवळचे माधवबाग आणि हिराबाग यांसारख्या दानशूर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या धर्मशाळांमुळे यात्रेकरूंची सोय झाली, परंतु अशा वास्तूंचे दान बहुधा विशिष्ट धर्माच्या किंवा पंथाच्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असे.

देऊळघाटसारख्या हिंदू-मुस्लिम मिश्र वस्तीच्या गावांतून मुंबईला जाणारी दुसरी वाट हाजची होती. मक्केला जाणारी जहाजे मुंबई बंदरातून सुटत, आणि जहाज सुटेपर्यंतचे दिवस यात्रेकरूला शहरातच काढावे लागत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे त्यांचे मोठे आश्रयस्थान होते. मुसाफिरखाना म्हणजे प्रवाशांना अल्प खर्चात उतरू देणारी धर्मादाय वास्तू. जवळच महंमद अली रोड आणि भेंडी बाजार असल्यामुळे जेवणाचा प्रश्न तेथल्या तेथे सुटत असे. १९२३ मध्ये सुरू झालेले भेंडी बाजारातील नूर मोहम्मदी हे उपाहारगृह नळी-निहारीसाठी प्रसिद्ध झाले. निहारी म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे खाल्ला जाणारा मांसाचा रस्सा. समुद्रमार्गे हाजयात्रा १९९५ मध्ये थांबली, परंतु मुंबईत कामाला आलेला वऱ्हाडी मुसलमान आजही याच भागात जेवतो, आणि त्या सवयीमागे जहाजांच्या त्या काळाचा मोठा वाटा आहे.

मराठी मध्यमवर्गाची मुंबई होती गिरगावात. तेथे एकट्याने राहणाऱ्या कारकून आणि विद्यार्थ्यांसाठी ज्या खाणावळी निघाल्या, त्या बाहेरगावच्या माणसालाही एक-दोन वेळेपुरते ताट देत. खाणावळ म्हणजे ठरलेल्या दरात, ठरलेल्या वेळी, घरगुती पद्धतीचे जेवण वाढणारी जागा. मालक किंवा मालकीण स्वतः स्वयंपाक करी आणि जेवणाऱ्याची निवड पदार्थांत नसून केवळ येण्या-न येण्यात असे. अनेक खाणावळींच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द असे आणि तो केवळ शाकाहाराची खूण नसून कोणी आत यावे हे सांगणारी ताकीदही असे. परक्या हातचे घेण्याविषयीची धास्ती किती खोल होती हे पुण्यातील १८९० च्या पंचहौद मिशन प्रकरणावरून कळते. ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आल्याचे निमित्त होऊन न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या नियमभंगाबद्दलचा धार्मिक खटला, उभा राहिला आणि त्याचा निकाल प्रायश्चित्तापर्यंत गेला. ज्या समाजात चहाच्या एका पेल्यासाठी एवढे घडले, त्या समाजातील परगावचा माणूस शहरात खाण्याची जागा निवडताना जिभेचे ऐकत नव्हता, तर घरी परतल्यावर काय ऐकावे लागेल याचा विचार करीत होता. सुस्थितीतल्या लोकांसाठी क्रॉफर्ड मार्केटसमोरचे सरदारगृह होते, जेथे निवास आणि भोजन दोन्हींची प्रतिष्ठित व्यवस्था होती; टिळक मुंबईत तेथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले.

या व्यवस्थेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या माणसाला जागाच नव्हती, आणि शहराच्या अन्नेतिहासात ही बाब तळटीपेसारखी सांगितली जाते हा अन्याय आहे. देऊळघाटच्या परिसरातील महार किंवा मांग जातीचा माणूस मुंबईला गेला तर त्याला खाणावळीच्या पायरीवर हटकले जाई, आणि शिदोरी संपल्यावर फुटाणे, केळी किंवा कुरमुरे यांवर दिवस काढण्याचा प्रसंग येई. अशा माणसासाठी ज्यांनी दार उघडे ठेवले त्यांमध्ये इराण्यांचा वाटा मोठा आहे. इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यझ्द, केरमान इत्यादी भागांतून आलेले, मुख्यतः जरथुश्त्री धर्माचे लोक. हिंदू दुकानदार रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून टाळीत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे मुंबईत परंपरेने सांगितले जाते. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ मध्ये, मरीन लाइन्सकडील ससानियन १९१३ मध्ये आणि बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ मध्ये सुरू झाले. संगमरवरी टेबले, वळणदार लाकडी खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, गल्ल्याजवळच्या बरण्यांतील बिस्किटे आणि मोठ्या अक्षरांतल्या सूचना यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, जातिव्यवस्थेबाहेरचा हा मालक समोर बसणाऱ्याला त्याची जात विचारण्याच्या भानगडीत पडत नसे. एका चहावर आणि ब्रूनच्या, म्हणजे कडक पापुद्र्याच्या पावाच्या, तुकड्यावर तासभर बसता येई, सामान पायाशी ठेवता येई, वर्तमानपत्र वाचता येई, आणि स्टेशनवरून उतरलेल्या माणसाला तोंड धुऊन ताजेतवाने होता येई. पहाटेच्या गाडीने उतरून कचेरी उघडेपर्यंत कोठे थांबावे, या प्रश्नाला शहराने दिलेले ते सर्वांत सुसंस्कृत उत्तर होते. काही इराण्यांनी आणि पुढे उडपी उपाहारगृहांच्या मालकांनी ‘फॅमिली रूम’ म्हणून पडदा लावलेले कप्पे ठेवले, आणि त्यामुळे पतीबरोबर किंवा भावाबरोबर शहरात आलेल्या स्त्रीला प्रथमच बाहेर, बसून, सन्मानाने खाता आले. तोपर्यंत प्रवासातली स्त्री बहुधा धर्मशाळेच्या ओवरीत सर्वांचे जेवण रांधून मग स्वतः खात असे.

मुंबईच्या श्रमिकांच्या खाणावळींचा इतिहास याहून वेगळा आणि अधिक ठाशीव आहे. लालबाग, परळ, वरळीच्या गिरणगावात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेले कामगार गावकीच्या खोलीत राहत. गावकीची खोली म्हणजे एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत घेतलेली सामाईक जागा. त्यांचे जेवण आसपासच्या स्त्रिया महिन्याच्या हिशेबाने करून देत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने कामगारांबरोबरच या स्त्रियांच्या चुलीही संकटात आणल्या. गिरणगावाच्या या जाळ्याचा लाभ कोकणातून किंवा साताऱ्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला आपसूक मिळे, कारण गावकीच्या खोलीत एक चटई आणि खाणावळीत एक जादा ताट नेहमी निघे. वऱ्हाडी माणसाला ते बहुधा मिळाले नाही. वऱ्हाडात कापूस पिकत होता, सरकी काढण्याचे कारखाने तेथेच निघाले होते आणि अकोला, बडनेरा, नागपूर येथे गिरण्याही होत्या, त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांत वऱ्हाडातून जाणाऱ्यांचा ओघ कोकणाइतका कधीच नव्हता. म्हणूनच बुलढाण्याकडच्या माणसाला मुंबई अधिक परकी वाटली आणि तो सार्वजनिक उपाहारगृहांवर इतरांपेक्षा अधिक अवलंबून राहिला.

सार्वजनिक जेवणाचे हे क्षेत्र १९३० नंतर उडपी उपाहारगृहांनी बदलून टाकले. दक्षिण कन्नडमधील उडुपीच्या परिसरातून कोवळ्या वयात आलेली मुले मोरीवर आणि भटारखान्यात राबून पुढे मालक झाली. ए. रामा नायक हे त्यांतले ठळक नाव. माटुंग्यातील कॅफे मैसूर १९३६ चे आणि माटुंगा स्टेशनजवळचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. याच सुमारास मराठी उपाहारगृहेही गिरगावातून दादरपर्यंत पसरली. दादरचे मामा काणे १९१० पासून चालू होते, गिरगावचे विनय हेल्थ होम १९४० मध्ये निघाले, दादरला पुढे प्रकाश आणि १९८६ मध्ये आस्वाद आले, तर मासे खाणाऱ्यांसाठी खोताच्या वाडीतील अनंताश्रम अनेक दशके पुरले. या सर्वांतून ‘राइस प्लेट’ हा प्रकार रूढ झाला. ठरलेल्या किमतीत चपात्या किंवा पुऱ्या, एक-दोन भाज्या, आमटी किंवा सांबार, भात, लोणचे आणि पापड असे एकाच ताटात समोर येणारे हे जेवण परगावच्या माणसासाठी मोठी सोय होती, कारण त्यात पदार्थांची नावे माहीत असण्याची गरज नव्हती, खर्च आधीच कळत असे आणि ताट दहा मिनिटांत पुढे येई. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्यातला भात जड आणि आमटी गोडसर वाटे हे खरे. परंतु या ताटासाठी त्याला आपले नाव-गाव सांगावे लागत नव्हते. त्यामागे कायद्याचेही बळ आले. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहांतील प्रवेशाला धर्म, जात, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारे अटकाव करण्यास मनाई केली, सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने असा अटकाव शिक्षेस पात्र ठरवला.

त्याच दशकात देऊळघाटच्या माणसाचे मोठे शहरही बदलले. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेले असल्यामुळे सरकारी कामासाठी बुलढाण्याचा माणूस मलकापूरला गाडीत बसून पूर्वेकडे, नागपूरला जात असे, आणि सावजींच्या झणझणीत रश्श्याची ओळख त्याला तेथे होई. सावजी ही हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून निघालेली पाकपरंपरा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले, तेव्हा त्याच मलकापूर स्टेशनवर त्याला समोरच्या फलाटावरून, उलट दिशेची गाडी धरावी लागली. सचिवालयात, म्हणजे १९७५ पासूनच्या मंत्रालयात, अर्ज घेऊन जाणारा हा माणूस आमदाराच्या ओळखीने आमदार निवासात उतरू लागला. आमदार निवास म्हणजे विधिमंडळाच्या सदस्यांसाठीची राहण्याची व्यवस्था. कुलाब्यातील मॅजेस्टिक ही इमारत मूळची युरोपीय थाटाच्या हॉटेलची होती आणि मंत्रालयाजवळ आकाशवाणी आमदार निवास उभे होते. आमदार जेथे राहतो तेथे त्याच्या मतदारसंघातील दहा माणसे सतरंजीवर झोपतात, ही गोष्ट अनेकांना गैरशिस्त वाटत आली आहे. वास्तविक विदर्भातून आलेल्या माणसाला गावकीची खोली नव्हती, ती उणीव या सतरंजीने भरून काढली, आणि तेथले माफक दराचे उपाहारगृह हे त्याचे मुंबईतले हक्काचे पहिले ताट ठरले. म्हणून त्या ताटाचा दर्जा हा राज्याच्या दृष्टीने लहान विषय नाही. जुलै २०२५ मध्ये आकाशवाणी आमदार निवासात डाळ शिळी असल्याच्या तक्रारीवरून कर्मचाऱ्याला मारहाण झाली आणि त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाने उपाहारगृह चालवणाऱ्याचा परवाना निलंबित केला. चांगले अन्न मिळणे हा जेवणाऱ्याचा अधिकार आहे आणि वाढणाऱ्याची प्रतिष्ठाही तितकीच अभंग आहे. त्या प्रसंगी दोन्ही गोष्टी एकाच वेळी पायदळी तुडवल्या गेल्या.

ज्यांना ओळखीचा आमदारही नव्हता त्यांच्यासाठी रस्ता होता. वडापावचा आरंभ १९६० च्या दशकात दादर स्टेशनबाहेर झाल्याचे मानले जाते आणि त्याचे श्रेय बहुधा अशोक वैद्य यांना दिले जाते. उभ्याने, एका हातात, गाडी सुटण्याच्या आत खाता येणारा हा पदार्थ बाहेरगावच्या माणसाने मुंबईतून सर्वांत आधी उचलला आणि पुढे तो बुलढाण्याच्या एसटी स्थानकावरही मिळू लागला. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली, तेव्हा घाटावरच्या शेतकऱ्याचे रोजचे बेसन-भाकर प्रथमच राजधानीच्या रस्त्यावर सरकारी मान्यतेने आले. अनुदान थांबल्यावर बहुतेक केंद्रांवरची भाकर गेली आणि वडे-चहा राहिले. एका रुपयात ज्वारीची भाकर थापणे कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते, आणि योजना आखणाऱ्यांनी भाकरीमागचे श्रम मोजलेच नव्हते असे म्हणावे लागते. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात असे ताट १० रुपयांत देताना उरलेली रक्कम शासनाने केंद्रचालकाला देण्याची तरतूद होती, आणि करोनाच्या काळात तेच ताट आधी ५ रुपयांत, पुढे काही काळ विनामूल्य दिले गेले. जिल्हा रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके आणि बाजारपेठा या जागा केंद्रांसाठी निवडल्या गेल्या, म्हणजे परगावचा माणूस नेमका कोठे उपाशी राहतो हे येथे प्रथमच नीट ओळखले गेले.

सर्वांत अवघड जेवण रुग्णाच्या नातलगाचे असते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले आणि पुढे कर्करोगाच्या उपचारांसाठी वऱ्हाडातली माणसे मुंबईला येऊ लागली. तपासणीसाठी दोन दिवस म्हणून निघालेल्यांचे आठवडे होत आणि पैसे औषधात जात असल्यामुळे जेवणावर काट मारली जाई. हे दुःख ज्यांनी ओळखले ते गाडगे महाराज मूळचे वऱ्हाडातलेच, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचे. १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि स्वतः खापराच्या तुकड्यात भाकर खाणाऱ्या या संताने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, परंतु मंदिर बांधले नाही. त्यांच्या कार्यसूत्रांत भुकेलेल्याला अन्न देणे हे पहिले सूत्र आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात रुग्णांच्या नातलगांसाठी त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा झाली, आणि १९५६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, १९८० च्या दशकात, त्यांच्या नावाने दादरला उभी राहिलेली धर्मशाळा मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना निवास व भोजन पुरवते. माधवबागेच्या काळातील दान आणि या धर्मशाळा यांतला फरक मूलभूत आहे. तेथे दात्याचा पंथ दारात उभा असे. येथे आत येणाऱ्याला त्याचा आजार आणि त्याची अडचण एवढेच विचारले जाते. बुलढाणा जिल्ह्यातच शेगावला गजानन महाराज संस्थानाचा महाप्रसाद रोज मोठ्या संख्येने भाविकांना शिस्तीत वाढला जातो, त्यामुळे सामुदायिक जेवणाची ही रीत देऊळघाटच्या माणसाला अनोळखी नाही. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरणाऱ्या रुग्णाच्या नातलगाला गावातले लोक आज सल्ला देतात तो एखाद्या नामांकित उपाहारगृहाचा नसून दादरच्या धर्मशाळेत आधी नाव नोंदवण्याचा असतो, आणि तेथे जागा मिळेपर्यंत पहिल्या दिवसापुरती धपाटी व कोरडी चटणी सोबत नेण्याचा असतो.